कॉफी पिणाऱ्याने चहा शिकायचा म्हटलं तर सुरुवात कुठून करावी?

रास्तापेठकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

मी पहिल्यापासून कॉफीवाला. लहानपण रास्ता पेठेत गेलं, वाड्यात शेजारी तमिळ कुटुंब होतं, त्यांच्याकडच्या मामींनी माझ्या आईला पितळी फिल्टर लावायला शिकवलं. त्याआधी आमच्याकडे कॉफी म्हणजे जायफळ घातलेली, भरपूर दुधाची, कोणी लांबच्या प्रवासाहून आलं किंवा रात्री जागायचं असलं की व्हायची. मामींमुळे रोज रात्री डिकॉक्शन लावून झोपायची सवय लागली ती आजपर्यंत आहे. पेठेतल्याच दुकानातून प्लांटेशन ए आणि पीबेरी या दोन प्रकारच्या कॉफीच्या बिया निम्म्या निम्म्या दळून आणतो, चिकोरी पंधरा टक्के, त्यावर नाही. गेल्या पाचसहा वर्षांत वरून पाणी ओतून करायची काळी कॉफीही जमायला लागली, त्यासाठी वजनकाटा घेतला, लांब चोचीची किटली घेतली. म्हणजे कॉफीतलं बरंवाईट मला कळतं एवढं म्हणायला हरकत नाही.

चहा मात्र कधी कळला नाही. बाबा प्यायचे, आलं घालून उकळलेला, आणि मी मित्रांबरोबर टिळक रोडला उभ्याने अमृततुल्य. छान लागतो, पण त्यात मला दूध लागतं, साखर लागते, आलं लागतं, चहा नक्की कुठला ते सापडत नाही.

तर झालं असं की एप्रिलमध्ये बहीण दार्जिलिंगला जाऊन आली आणि माझ्यासाठी शंभर ग्रॅमचं पाकीट घेऊन आली, फर्स्ट फ्लश, म्हणजे वर्षातल्या पहिल्या तोडणीचा चहा, पाकिटावर बागेचं नाव आणि तोडणीची तारीख. पहिल्या दिवशी नेहमीसारखं आधण ठेवलं, पानं उकळली, दूध घातलं. रंगच येईना, चव नुसती गरम दुधाची. मग कोणीतरी सांगितलं याला दूध चालत नाही, म्हणून कपात पानं टाकून उकळतं पाणी ओतलं आणि वर ताटली झाकून दहा मिनिटं ठेवलं. घोट घेतला तर कच्ची सुपारी चावल्यासारखी जीभ खरखरीत झाली आणि बराच वेळ तशीच राहिली.

पाकीट कपाटात मागे गेलं असतं. पण मध्ये एका रविवारी आईकडे पेठेत गेलो होतो, पाकीट पिशवीतच होतं, पाणी उकळलं आणि तेवढ्यात फोन आला, बोलून येईपर्यंत पाणी जरा निवलं होतं, तेच ओतलं, आणि आईने जेवायला हाक मारली म्हणून दोनतीन मिनिटांतच गाळून घेतलं. त्या कपाला जो वास होता तो अजून डोक्यातून जात नाही. आंब्याला मोहोर आला की संध्याकाळी झाडाखालून जाताना येतो ना, तसा काहीसा. आणि घोट गिळल्यावर मागे घशाशी गोडसर काहीतरी राहिलं, साखरेचा दाणा नसताना. दुसऱ्या दिवशी घरी (मी हल्ली बावधनला असतो) तसंच करून पाहिलं, पाणी निवू दिलं, घड्याळ लावून तीन मिनिटं मोजली. रंग काळपट, वास नाही. आठवड्यात सहा वेळा केलं, तो कप परत आला नाही.

तेव्हा विचारायचंय की माझं नक्की काय चुकतंय, आणि कॉफीची सवय असलेल्या जिभेने सुरुवात कुठल्या चहाने करावी? कॉफी सोडायची नाहीये. मला तो कप परत हवाय.


बशीतला चहा

रास्तापेठकर, धागा आवडला, पण अमृततुल्यात चहा सापडत नाही म्हणालात तिथे थांबलो. मी शुक्रवार पेठेत वाढलो, माझ्यासाठी चहा म्हणजे तोच. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी कुटुंबांनी पेठांमधे ही दुकानं घातली, आणि एकदा सकाळी सहाला जाऊन गल्ल्याजवळ न थांबता पातेल्याजवळ उभं राहून बघा. पितळेचं पातेलं, दूध पाणी साखर एकत्र चढलेलं, आलं-वेलची खलबत्त्यात त्याच वेळी कुटतात, पूड पडली की चहा वर येतो, पळीने तो उंचावरून परत परत खाली सोडतात, आणि मग फडक्यातून पिळून काढतात. पिळतात हे महत्त्वाचं, नुसतं गाळत नाहीत. त्यात चहा आहेच, तो दुधाला पुरून उरेल असाच घेतलेला असतो. आपली बारीक दाणेदार पूड, सीटीसी, ते यंत्र आसामात १९३० च्या दशकात आलं, पान चिरडून फाडून गोळी करायची, म्हणजे दोन मिनिटांत सगळा कस पाण्यात उतरतो. दार्जिलिंगचं पान त्या कामाचं नाही आणि ही पूड तुमच्या त्या कामाची नाही, एवढंच.

अवांतर: घरी आल्याचा चहा फाटतो म्हणून बरेच जण दुधाला नावं ठेवतात. कच्च्या आल्यात दुधातलं प्रथिन तोडणारं एन्झाइम असतं. आलं आधी पाण्यात चांगलं खळखळ उकळा, मग दूध घाला, फाटणार नाही.


मोजूनमापून

तुमच्याकडे काटा आणि किटली आहे म्हणजे अर्धं काम झालंय. चिमटीने चहा टाकू नका, पानाचा चहा फुगीर असतो, एक चमचा म्हणजे कधी एक ग्रॅम तर कधी तीन. २०० मिलीला अडीच ग्रॅम घ्या. पाणी ८५ ते ९० अंश, तीन मिनिटं, आणि मग पानं पाण्यातून पूर्ण बाहेर, कपात तळाला सोडून प्यायचं नाही कारण ती तिथे उतरतच राहतात.

आपल्याकडे पाणी तसंही शंभरला उकळत नाही, पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, इथे ९८ च्या आसपास उकळी येते. गॅस बंद करून झाकण काढून दोनेक मिनिटं थांबलात की पुरे. थर्मामीटर असेल तर उत्तमच.

कॉफीवाल्याला समजेल असं सांगतो. कॉफीत दळण जाड-बारीक करणं तुमच्या हातात असतं, चहात ते काम बागेतच होऊन येतं. अख्खं पान म्हणजे जाड दळण, वेळ घेतं. डस्ट, म्हणजे चहाची भुकटी, एकदम बारीक, क्षणात उतरते. पाकिटावरची ती एफटीजीएफओपी वगैरे लांबलचक अक्षरं मुख्यतः पान कसं आहे, किती अख्खं आहे, कळ्या किती आहेत ते सांगतात, चवीची खात्री देत नाहीत. आणि तुमची दहा मिनिटं कशामुळे जास्त झाली त्याचा अंदाज यावा म्हणून, चहा चाखणाऱ्यांची जी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे ना आयएसओ ३१०३, तिच्यात १०० मिलीला २ ग्रॅम आणि सहा मिनिटं असतात. ती तुलनेसाठी आहे, चहातला दोष मुद्दाम उघडा पडावा म्हणून. त्यांची सहा आणि तुमची दहा.

एक प्रश्न. आईकडे पाणी कुठलं येतं आणि बावधनला कुठलं?


कुन्नूरची सून

मी मूळची सातारा रोडची, लग्नानंतर अकरा वर्षं निलगिरीतल्या कुन्नूरला काढली, सासरे चहाच्या फॅक्टरीत होते. परत पुण्याला येऊन चार वर्षं झाली. या विषयावर मला बोलल्याशिवाय राहवत नाही.

मोजमाप सगळं बरोबर आहे, पण रास्तापेठकर, तुम्ही लिहिलंत ना की जीभ कच्ची सुपारी चावल्यासारखी झाली, तिथेच खरी गोष्ट आहे. कॉफीवाल्यांना कडू ओळखता येतं, कडूत बरं कडू आणि जळकं कडू असा फरकही करता येतो. चहाचा जीव तुरटात आहे. कडू जिभेला चवीने कळतं. तुरट म्हणजे जिभेवर काहीतरी होतं, चहातले टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतात म्हणून तोंड कोरडं ओढल्यासारखं होतं. चव कमी आणि स्पर्श जास्त. (दुधात हेच टॅनिन दुधाच्या प्रथिनांना धरतात, तुमच्या जिभेला सोडतात, म्हणून दुधाचा चहा मऊ लागतो.) आणि आपल्याला हे परकं नाही हो, आपल्या षड्रसात तुरट वेगळा मोजलाय, कषाय. आवळा, हिरडा, जांभूळ, कच्चं केळं, हे सगळं खाऊनच मोठे झालो आपण. आवळा खाऊन पाणी प्यायलं की पाणी गोड लागतं की नाही? तुमच्या त्या रविवारच्या कपात घशाशी जे गोड राहिलं ते त्याच्याच नात्यातलं. तुरट प्रमाणात असला की मागून गोड येतं, जास्त झाला की नुसती सुपारी.

म्हणून माझा सल्ला असा की कॉफीसारखा लागणारा चहा शोधू नका. घोट तोंडात दोन सेकंद धरा, गिळा, आणि मग बघा. कॉफीत सगळं घोटाबरोबर येतं, चहात बरंचसं घोटानंतर.

फॅक्टरीतलं एक सांगते. संध्याकाळी तोडलेला पाला लांब जाळीच्या चौथऱ्यांवर पसरतात, खालून रात्रभर वारा सोडतात. पहाटे मी सासऱ्यांचा डबा द्यायला जायचे तेव्हा त्या हॉलमध्ये कैरी चिरल्यासारखा आंबट-हिरवा वास भरलेला असायचा. मुठीत पाला दाबला की कोमेजलेल्या मेथीसारखा मऊ, सोडला की हळू उलगडायचा. मग तो रोलरमध्ये वळतात, पानाच्या पेशी फुटतात, हवा लागते, आणि डोळ्यांसमोर हिरवा पाला जुन्या तांब्याच्या नाण्याच्या रंगाचा होत जातो, वासही बदलतो, कैरीचा पिकल्या फळाकडे जातो. कुठल्या क्षणी तो भट्टीत घालायचा ते सासरे नाकाने ठरवायचे. याला सगळे आंबवणं म्हणतात पण जंतूंचा त्यात काही संबंध नाही, सफरचंद कापून ठेवल्यावर तांबूस होतं तसलंच ते. हिरवा चहा म्हणजे हे होऊच दिलेलं नाही, तोडल्यावर लगेच गरम करून थांबवलं. जपानात वाफेवर, चीनमध्ये बहुतेक कढईत परतून. ऊलाँग म्हणजे मधेच थांबवलं. झाड सगळ्यांचं एकच.


रास्तापेठकर

आवळ्याचं वाचून उठून डबा उघडला, खाल्ला, पाणी प्यायलो. हो, अगदी तसंच आहे ते. ताई, मनापासून आभार.

पण मग एक शंका. माझ्या पाकिटावर काळा चहा असं लिहिलंय आणि आत पान तर हिरवं-करडं आहे, मधूनमधून चंदेरी लव असलेल्या कळ्या आहेत. हे पूर्ण झालेलं नाही का?

मोजूनमापून, आईकडे कॉर्पोरेशनचं. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर आणि बोअरचं मिसळून येतं, घरी साधा गाळायचा फिल्टर आहे, आरओ नाही. का विचारलंत?


गवतीचहा

फर्स्ट फ्लश तसाच दिसतो. मार्च-एप्रिलमध्ये थंडीनंतर आलेली पहिली कोवळी फूट, तिला रात्री इतकं वाळवतात की पुढे रंग बदलायला पानात पाणीच फारसं उरत नाही, म्हणून नाव काळा चहा असलं तरी मन हिरवं राहतं. मे-जूनमधला सेकंड फ्लश बघा, तो तांबूस, अंगाने भरलेला, द्राक्षासारखा वास. कॉफीवाल्यांना तो बहुतेक लवकर पटतो. दार्जिलिंगची झुडपं मुख्यतः चिनी जातीची, लहान पानाची, १८४१ मध्ये डॉ. कॅम्पबेल यांनी आपल्या आवारात बी लावलं तिथून सुरुवात. आसामची जात वेगळी, मोठ्या पानाची, म्हणून तिचा चहा दणकट.

घेताना पाकिटावर दार्जिलिंगचा शिक्का आहे का बघा, बाईचा चेहरा आणि हातात दोन पानं एक कळी असलेला. भौगोलिक निर्देशांक मिळालेलं भारतातलं हे पहिलं उत्पादन, २००४ मधलं. रविवार पेठेत किंवा लक्ष्मी रोडच्या आसपास सुटा चहा मिळतो तो चांगला असतो पण बहुतेक दाणेदार पूड असते, दुधाच्या चहाची. पानाचा चहा बागेकडून थेट मागवलेला बरा, आणि सुरुवातीला पन्नास ग्रॅमच्या वर घेऊ नका.

आणि तो ठेवलाय कुठे? कॉफीच्या डब्याशेजारी असेल तर आत्ता उठून हलवा. चहा वास फार पटकन ओढतो. माझा एक अख्खा डबा गोडा मसाल्याच्या शेजारी ठेवल्यामुळे वाया गेलाय.


बांधावरून

सेकंड फ्लशच्या द्राक्षासारख्या वासाबद्दल भर घालतो. मी शेतकरी, आमच्या कपाशीवर तुडतुडे पडले की आमची झोप उडते. दार्जिलिंगला त्याच कुळातले हिरवे तुडतुडे चहाच्या कोवळ्या पानातला रस शोषतात, पान कडेने करपतं, वाढ खुंटते, आणि झाड स्वतःला वाचवायला जी द्रव्यं तयार करतं त्यातूनच तो वास येतो म्हणे. तैवानमध्ये ओरिएंटल ब्यूटी नावाचा ऊलाँग याच्यासाठीच प्रसिद्ध आहे, तिथे तर तुडतुडे यावेत म्हणून फवारणी करत नाहीत. एका पिकाला कीड म्हणून जे बुडवतं ते दुसऱ्याचा भाव वाढवतं, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दोन दिवस त्याचाच विचार करत होतो.


उत्तररात्र

वाचनखूण साठवली. मी कॉफीवरूनच चहाकडे आलो, आता दोन्ही पितो, आणि कुन्नूरच्या ताईंशी थोडा असहमत आहे. कॉफीच्या माणसाला एकदम फर्स्ट फ्लश दिला तर त्याला पाणीच लागणार. आधी भाजलेला चहा द्यावा. जपानचा होजिचा, म्हणजे हिरवाच चहा पण भाजलेला, फुटाण्यासारखा खमंग, कॅफीन कमी, रात्री चालतो. चीनच्या वुयी डोंगरातले ऊलाँग कोळशावर भाजतात, त्यात कोकोसारखं काहीतरी लागतं. किंवा युन्नानचा पिकवलेला पुएर, तो ओलसर ढीग लावून मुरवतात, ही पद्धत १९७३ च्या सुमाराची, रंग डिकॉक्शनसारखा काळा आणि वास पहिल्या पावसाच्या मातीचा. जड हवं असेल तर तो जड आहे आणि तुरट जवळजवळ नाहीच. मी पुएरवरूनच सुरुवात केली, सहा महिन्यांनी हिरव्यापर्यंत पोचलो. जिभेला पायऱ्या लागतात.

आणि हे सगळे लहान भांड्यात करा. शंभर मिली पाणी, पाच ग्रॅम पान, दहा-पंधरा सेकंदात ओतून घ्यायचं, परत पाणी, परत ओतायचं. त्याच पानातून सहासात वेळा, प्रत्येक वेळी वेगळं लागतं.


कुन्नूरची सून

उत्तररात्र, पायऱ्या लागतात हे मान्य, मला भीती वेगळीच आहे. भाजलेल्यावरून सुरुवात केली की माणूस चहात भाजलेपणाच शोधत राहतो, तो कॉफीकडे आधीच भरपूर आहे. रास्तापेठकरांना एक कप मिळालाय ना, त्यांनी त्याच्या मागे जावं. पायरीच हवी असेल तर निलगिरीचा पानाचा चहा घ्या, आमच्याकडचा. जरा जास्त वेळ राहिला तरी पटकन तुरट होत नाही, शिकणाऱ्याला सांभाळून घेतो. डिसेंबर-जानेवारीत दव गोठतं तेव्हाचा मिळाला तर सोन्याहून पिवळं.


अनामिका

मधेच विचारते. माझं हिमोग्लोबिन कमी आहे, डॉक्टरांनी जेवणाबरोबर चहा बंद करायला सांगितलाय. बिनदुधाचा चालतो का? आणि कॉफीपेक्षा यात कॅफीन कमी असतं का?


मोजूनमापून

अनामिका ताई, दूध असो नसो, जेवणाबरोबर नकोच. डाळी-पालेभाज्यांतलं लोह चहातले टॅनिन धरून ठेवतात, अंगी लागू देत नाहीत, कॉफीचंही थोडंफार तसंच. जेवणाआधी आणि नंतर निदान तास-दीड तास सोडा, बाकी तुमचे डॉक्टर सांगतील ते.

कॅफीनचं असं की सुक्या पानात ते कॉफीच्या बीपेक्षा जास्त असतं, चहात साधारण ३ टक्के, अरेबिका जातीच्या कॉफीत १.२ च्या आसपास. पण कपाला चहा अडीच ग्रॅम आणि कॉफी पंधरा ग्रॅम पडते, त्यामुळे कपात चहाचं बरंच कमी.

रास्तापेठकर, पाण्याबद्दल यासाठी विचारलं की तुमचं सहा वेळा फसलं आणि प्रत्येक वेळी बावधनला फसलं. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट बरंच असतं, त्यात चहाचा रंग काळवंडतो, वास दबतो आणि वर पातळ तेलकट साय धरते, तवंगासारखी. कपाच्या कडेला तपकिरी वळ राहतो का? लिंबाचा थेंब टाकून बघा, तवंग जाईल, पण चवही जाईल. एका पाण्याने दोन्हीकडे करून बघा, दुसरं काही बदलू नका.


रास्तापेठकर

वळ राहतो. मला वाटायचं कपच खराब आहे. रविवारी आईकडून पाच लिटरचा कॅन भरून आणतो.


बशीतला चहा

आता मलाही उत्सुकता लागली, रविवारी काय झालं ते लिहा नक्की. आणि परवा आमच्या नेहमीच्या अमृततुल्यात विचारलं, बोअरच्या पाण्याने करता का, तर ते म्हणाले चाळीस वर्षं नळाचंच, पाणी गेलं त्या दिवशी दुकान बंद.


रास्तापेठकर

उशीर झाला, माफ करा, तीन आठवडे लागले.

कॅन आणला. त्याच दिवशी संध्याकाळी ओट्यावर दोन सारखे पांढरे कप ठेवले, दोन्हीत अडीच-अडीच ग्रॅम, दोन्ही पाणी ८८ अंशावर, तीन मिनिटं, एकाच गाळणीतून मधे धुऊन गाळलं. टँकरच्या कपात चहा गढूळ लालसर, बघताबघता वर साय धरली, चमचा फिरवला की तुकडे होऊन कडेला चिकटत होते. कॅनच्या कपात तळाचं फूल दिसत होतं, रंग ताज्या मधासारखा. बायकोला न सांगता दोन्ही हुंगायला दिले, तिने लगेच दुसऱ्यावर बोट ठेवलं. मोहोर होता त्यात. थोडा कमी होता त्या दिवसापेक्षा, कदाचित पाकीट उघडून दोन महिने झालेत म्हणून, पण होता.

मग रोज एकच बदल करत गेलो. दोन मिनिटांत वास आहे पण घसा रिकामा. चार मिनिटांत तुरट पुढे येतो आणि वास मागे पडतो. माझ्या पाण्याला आणि या पानाला पावणेतीन मिनिटं बसतात. तीच पानं दुसऱ्यांदा साडेतीन मिनिटं ठेवली की वास कमी होतो पण ते मागचं गोड जास्त येतं, हे मला पहिल्या कपापेक्षाही आवडायला लागलंय. कुन्नूरच्या ताईंनी सांगितलं तसं घोट धरून ठेवायला शिकलो, आणि एक गंमत अशी की आता कॉफीतलाही तुरटपणा कळायला लागला, जो मी इतकी वर्षं कडू म्हणून खपवत होतो. माझी पीबेरी मी जास्त वेळ उतरवत होतो असं दिसतंय, डिकॉक्शनचं दळण थोडं जाड करून आणलं, बरं लागलं.

उत्तररात्र, होजिचाही मागवला, खोटं कशाला बोलू. छान आहे, रात्री जेवणानंतर तासादीडतासाने घेतो. पण तो प्यायल्यावर मला कॉफी आठवते, आणि दार्जिलिंग प्यायल्यावर कॉफी आठवत नाही, म्हणून सध्या ताईंच्या बाजूला आहे. पुएर पुढच्या महिन्यात. निलगिरीचं पन्नास ग्रॅम पण सांगून ठेवलंय.

हिशोबही केला. बहिणीने शंभर ग्रॅमला बाराशे दिले होते, मला महाग वाटले होते. अडीच ग्रॅमने चाळीस कप, म्हणजे तीस रुपयांना एक, आणि दोनदा पाणी घातलं तर पंधरा. तेवढं तर मी बाहेर उभ्याने देतोच.

काल परत आईकडे गेलो. आई शहात्तर वर्षांची आहे, सकाळी फिल्टर कॉफी आणि चारला जायफळाची, याच्यापलीकडे काही पीत नाही. तिच्यासमोर केला, तिने कप नाकाशी नेला आणि बराच वेळ पीतच नव्हती. मग अर्धा कप प्यायली, आणि म्हणाली, यात काही नाहीये रे, आणि परत म्हणाली, थांब, आता येतंय. विचारलं काय येतंय, तर म्हणाली, आवळा खाल्ल्यावरचं पाणी. मी तिला आवळ्याचं काही सांगितलं नव्हतं.

किटलीतली पानं टाकायला उठलो तर म्हणाली राहू दे, अजून पाणी घाल त्यात.